छायाचित्रातली तोफ

तोफ म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे विजापूरची मलिक-ए-मैदान किंवा जंजिऱ्याची कलालबांगडी उभी राहते. तिच्याजवळ जाता येते, अंगावरून हात फिरवता येतो, सुतळी लावून लांबी मोजता येते. लढाऊ जहाजावरच्या हलक्या तोफेचे तसे नाही. तिची लहानशी प्रतिकृती करावयास बसलेल्या माणसाला बहुधा चार-दोन छायाचित्रांवरच भागवावे लागते. त्याचे काम सुताराचे वा लोहाराचे वाटते. खरे पाहता ते इतिहाससंशोधकाचे आहे.

उदाहरणादाखल मी स्वीडनची 40 मिलिमीटर बोफोर्स तोफ घेतो. (हे नाव आपल्याकडे 1987 नंतर वेगळ्याच कारणाने गाजले. ती तोफ 155 मिलिमीटरची, भूदलाची. तिचा येथे संबंध नाही.) स्वीडिश आरमाराने या विमानविरोधी तोफेसाठी बोफोर्सशी 1928 साली करार केला. तिची नळी सुमारे सव्वादोन मीटर लांब, गोळा जवळजवळ 900 ग्रॅमचा, आणि मारा मिनिटाला 120 च्या आसपास. चार-चार काडतुसांच्या जुड्या माणसाने वरून भरावयाच्या, म्हणून तोफेच्या पाठीशी त्याला उभे राहण्यापुरती जागा ठेवावीच लागते. प्रतिकृतीत ही जागा विसरली, तर तोफ दिसेल सुरेख, पण ती कोणाला भरता येणार नाही.

सव्वादोन मीटर हा आकडा हाती आला की छायाचित्र बोलू लागते. बरोबर बाजूने आणि दुरून घेतलेल्या चित्रात नळी 90 मिलिमीटर भरली, तर त्या चित्राचे प्रमाण 1:25 झाले. त्याच पट्टीने तोफेची बैठक, चाके, ढाल सारे मोजता येते. प्रतिकृती 1:50 ची करावयाची असेल तर प्रत्येक माप निम्मे करावे. नळी 45 मिलिमीटरची होईल आणि तिचे तोंड जेमतेम 0.8 मिलिमीटरचे. मात्र नळी कॅमेऱ्याकडे रोखलेली असली की हे सारे गणित कोसळते, कारण जवळचे तोंड फुगते आणि मागचा भाग आक्रसतो. आणखी एक फसवणूक अशी की छापताना चित्र कधी उलटे पडते, डावे उजवे होते. जहाजावरचे आकडे उलटे दिसतात काय, हे आधी पाहून घ्यावे.

डाव्या-उजव्याचा हा घोटाळा छंदिष्टांपुरताच आहे असे मात्र समजू नये. दुसऱ्या महायुद्धात तो भल्याभल्या अभियंत्यांपुढे उभा राहिला. 1940 च्या मे महिन्यात हॉलंड पडले, तेव्हा विलेम व्हान डेर झान हे डच जहाज इंग्लंडला निसटले. त्याच्यावर बोफोर्स तोफांची जोडबैठक होती. ब्रिटिशांना नक्कल करावयास अस्सल वस्तूच मिळाली. अमेरिकेत क्रायस्लर या मोटार कंपनीच्या वाट्याला आले ते स्वीडिश आराखडे. त्यांची मापे मीटरपद्धतीची. शिवाय युरोपीय रिवाजाप्रमाणे वस्तूच्या डाव्या बाजूचे चित्र उजवीकडे काढलेले, अमेरिकन रिवाजाच्या नेमके उलट. याहून मोठी अडचण वेगळीच होती. कित्येक भागांपुढे मापाऐवजी सूचना होती: जोडताना कानस मारून बसवावे, जोडताना भोक पाडावे. म्हणजे तोफेचे खरे ज्ञान कागदावर नव्हतेच, ते स्वीडिश फिटरच्या मनगटात होते. हजारो तोफा करावयाच्या तर कोणत्याही तोफेचा भाग कोणत्याही तोफेला बसला पाहिजे. त्यासाठी सारे आराखडे नव्याने काढावे लागले. कंपनीने युद्धकाळात सुमारे 60,000 तोफा केल्या, पण त्याआधीचे हे किचकट काम कोणाच्या लक्षात राहत नाही.

अमेरिकन आरमाराने जोडतोफांसाठी नळीभोवती पाणी खेळवले, भूदलाने हवेवरच भागवले. म्हणून छायाचित्रात नळी जाड दिसली की ती पाण्याच्या वेष्टनाची, सडपातळ दिसली की हवेने थंड होणारी. पाण्याच्या जोडीतल्या दोन तोफाही एकसारख्या नव्हत, एक डावी आणि एक उजवी असे त्यांचे निरनिराळे प्रकार होते. एकच साचा करून दोनदा ओतणारा कारागीर येथे चुकतो.

आता आपल्या दारची गोष्ट. विमानवाहू 'विक्रांत' 4 मार्च 1961 रोजी बेलफास्ट येथे आपल्या आरमारात दाखल झाली, तेव्हा तिच्यावर 40 मिलिमीटरच्या 16 बोफोर्स तोफा होत्या. पुढे त्या 8 उरल्या. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या उड्डाणपट्टीच्या टोकाला उंच चढण बांधण्यात आली. जानेवारी 1997 मध्ये ती निवृत्त झाली, 2001 ते 2012 मुंबईत तरते संग्रहालय म्हणून उभी होती, आणि 2014 साली दारूखान्यात तिची मोडतोड सुरू झाली. आता सुतळी घेऊन जावयाचे तरी कोठे?

घरोघरी 'विक्रांत'ची जी छायाचित्रे आहेत ती बहुधा संग्रहालयाच्या काळातली, मुलांना घेऊन गेल्या वेळची. पण प्रतिकृती करणाऱ्याला बहुधा हवी असते ती 1971 ची 'विक्रांत', जिच्यावरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. मग तो घरचे छायाचित्र पुढे ठेवतो, पट्टीच्या टोकाला चढण बांधतो आणि खाली 1971 असे लिहितो. अशी जहाजे काचेच्या कपाटात मानाने बसलेली मी पाहिली आहेत. कारागिरीत त्यांना नाव ठेवावयास जागा नाही. पण त्या चढणीवरून 1971 साली एकही विमान उडाले नव्हते.