प्रीमियर पद्मिनी मोटारीचे पुनरुज्जीवन

प्रीमियर पद्मिनी मोटारीचे पुनरुज्जीवन म्हणजे मुंबईतील प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड या कंपनीने बनवलेली पद्मिनी ही मोटार, किंवा तिच्या आधीची फियाट ११०० मालिकेतील मोटार, मूळ स्वरूपाशी शक्य तितके साम्य राखून पुन्हा चालती करण्याची प्रक्रिया होय. बोलीभाषेत या कामाला 'रिस्टोरेशन' असेच म्हटले जाते. या गाडीचे उत्पादन २०००च्या सुमारास थांबल्यामुळे सुटे भाग मिळवणे हा या कामातील सर्वांत अवघड टप्पा मानला जातो. कोणता भाग मूळचाच शोधायचा, कोणता नव्याने घडवून घ्यायचा आणि कोणत्या ठिकाणी आधुनिक पर्याय स्वीकारायचा, यावर गाडीची सुरक्षितता, ऐतिहासिक मूल्य आणि कायदेशीर स्थिती अवलंबून असते.

पार्श्वभूमी

उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कंपनीचा कारखाना मुंबईतील कुर्ला येथे होता. प्रारंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ व डिसोटो या नावांची वाहने तेथे जोडली जात. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी इटलीतील फियाट कंपनीशी करार झाला आणि फियाट ११०० मालिकेतील मोटारी भारतात तयार होऊ लागल्या. १९६०च्या दशकात आलेले 'फियाट ११०० डिलाइट' हे प्रारूप पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकले गेले. नाव बदलले तरी महाराष्ट्रातील बोलीभाषेत ही गाडी 'फियाट'च राहिली.

परवाना पद्धतीच्या काळात ग्राहकापुढे मोजकेच पर्याय असत. त्यामुळे हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर आणि पद्मिनी या दोन गाड्या देशभर पसरल्या. मुंबईत काळ्या रंगाची व पिवळ्या छताची पद्मिनी टॅक्सी शहराची ओळख बनली. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात झाली. मुंबईत टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३पासून ही टॅक्सी रस्त्यावरून हद्दपार झाली. खासगी मालकीच्या गाड्यांना ही मर्यादा लागू नाही.

तांत्रिक रचना

पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे आणि पाण्याने थंड होणारे आहे. त्याची क्षमता १,०८९ घन सेंटीमीटर असून सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर व पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर आहे. इंजिनचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे असते. चार गतींचा गिअर बदलण्याचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर बसवलेला असतो. शेवटच्या काळातील काही गाड्यांत मात्र तो खाली, दोन आसनांच्या मध्ये आला. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळते. पुढे स्प्रिंगवरील स्वतंत्र सस्पेन्शन व मागे पाट्यांचे स्प्रिंग अशी रचना असून चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात.

या गाडीला ट्रकप्रमाणे वेगळी चौकट नसते. तळाचा पत्रा, बाजूच्या पट्ट्या व खांब मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. त्यामुळे तळाचा पत्रा गंजणे ही केवळ दिसण्याची बाब राहत नाही. सांगाड्याची ताकदच त्यामुळे कमी होते.

सुट्या भागांचे स्रोत

सुटे भाग मुख्यतः चार मार्गांनी मिळवले जातात.

* जुना न वापरलेला साठा : दुकानांत वर्षानुवर्षे पडून राहिलेले कंपनीच्या वेष्टनातील भाग. धातूचे भाग या मार्गाने मिळाल्यास उत्तम ठरतात. रबरी सील, ब्रेकचे वॉशर व पडदे मात्र न वापरताही कडक होतात, त्यामुळे वेष्टन कोरे असले तरी ते वापरणे धोक्याचे असते.
* भंगारातील गाड्या : दरवाजे, काचा, बॉनेट, दिव्यांच्या कडा, मीटर, हँडल यांसारखे भाग बहुधा अशाच गाड्यांतून मिळतात.
* नव्याने बनवलेले भाग : टॅक्सींच्या मोठ्या संख्येमुळे पिस्टन, रिंग, क्लचप्लेट, ब्रेक लायनिंग, बेअरिंग इत्यादी झिजणाऱ्या भागांचे उत्पादन इतर कारखान्यांनी दीर्घकाळ केले. त्यांचा दर्जा सारखा नसतो, म्हणून बसवण्यापूर्वी माप तपासणे आवश्यक असते.
* घडवून घेतलेले भाग : बुश, पिन, पत्र्याचे तुकडे, रबरी पट्ट्या व सायलेन्सर हे स्थानिक कारागिरांकडून तयार करून घेता येतात.

मुंबईत ऑपेरा हाऊस परिसर, कुर्ला व चोरबाजार. पुण्यात नाना पेठ. दिल्लीत काश्मिरी गेट व मायापुरी. तर चेन्नईत पुदुपेट हे भाग मोटारींच्या सुट्या सामानासाठी प्रसिद्ध आहेत. मुंबईतील टॅक्सी मोडीत निघत असताना पद्मिनीचे वापरलेले भाग मोठ्या प्रमाणावर बाजारात आले. मात्र हा साठा एकदाच उपलब्ध झालेला आहे. प्रत्येक मोडलेल्या गाडीबरोबर पुढील पुरवठ्याचा एक स्रोतही संपतो. यामुळे दुरुस्त होऊ शकणारी गाडी केवळ भागांसाठी मोडावी काय, हा प्रश्न या क्षेत्रात वारंवार उपस्थित होतो.

परदेशातून भाग मागवतानाही सावधगिरी लागते. इटलीतील फियाट ११०० डी या प्रारूपाचे इंजिन १,२२१ घन सेंटीमीटरचे असून त्याच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आहे. दिसण्यात दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्या असल्या तरी त्या इंजिनाचे पिस्टन व रिंग भारतीय पद्मिनीला बसत नाहीत. त्यामुळे गाडीच्या नावापेक्षा इंजिनाचे प्रत्यक्ष माप कळवून खरेदी करणे श्रेयस्कर ठरते.

काटोल व विदर्भातील परिस्थिती

काटोल हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. ते नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावर येते. संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या परिसरात ट्रॅक्टर, पाण्याचे पंप व शेतीची अवजारे दुरुस्त करण्याची कामे चालतात. वेल्डिंग, लेथवरील बुश व पिन, पत्र्याचे काम अशी कामे तालुक्याच्या अशा ठिकाणी होऊ शकतात. सिलिंडरचे बोअरिंग, क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग किंवा बंपरवर क्रोमचा मुलामा देणे यांसाठी सहसा मोठ्या शहरात जावे लागते. दुर्मीळ भागांसाठी मुंबई किंवा पुण्याच्या बाजारावर अवलंबून राहावे लागत असल्याने, भाग मागवण्यापूर्वी जुन्या भागाचे माप व छायाचित्र पाठवणे उपयुक्त ठरते. चुकीचा भाग परत पाठवण्याचा खर्च कधीकधी भागाच्या किमतीइतका होतो.

विदर्भाच्या हवामानाचे या कामात फायदे व तोटे दोन्ही आहेत. समुद्रकिनाऱ्यावरील खारी व दमट हवा पत्र्याला लवकर गंज आणते. त्या तुलनेत विदर्भात छपराखाली राहिलेल्या गाडीचा सांगाडा अधिक चांगला टिकण्याची शक्यता असते. म्हणून मुंबईच्या टॅक्सीतून यांत्रिक भाग घ्यावेत आणि सांगाडा मात्र कोरड्या प्रदेशातील गाडीचा वापरावा, ही निवड अनेकदा सोयीची ठरते. टॅक्सीचा सांगाडा घ्यायचाच झाल्यास डिकीत सीएनजीची टाकी बसवण्यासाठी पाडलेली छिद्रे व जोड तपासावे लागतात.

दुसरीकडे, उन्हाळ्यात ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाणाऱ्या तापमानामुळे रबर, वायरींवरील आवरण व आसनांचे रेक्झिन तडकते. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रवाह खंडित होणे, हा यांत्रिक पेट्रोल पंप असलेल्या गाड्यांतील जुना दोष आहे. पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवण्याची चालकांची पद्धत त्यातूनच रूढ झाली. रेडिएटर आतून स्वच्छ करणे आणि पेट्रोलची नळी गरम भागांपासून दूर नेणे हे त्यावरील अधिक टिकाऊ उपाय आहेत. इंजिन फार तापल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकते व गॅस्केट जळते. त्यामुळे या भागात रेडिएटरचे काम पुढे ढकलणे महागात पडते.

कामाचा क्रम

प्रथम गाडीची छायाचित्रे काढून प्रत्येक भागाची नोंद केली जाते. सुटे केलेले नट-बोल्ट चिठ्ठी लावून वेगळे ठेवले जातात, कारण काही महिन्यांनंतर त्यांची जागा स्मरणात राहत नाही. त्यानंतर तळाचा पत्रा, बाजूच्या पट्ट्या व सस्पेन्शन जोडलेल्या जागा तपासल्या जातात. गंजलेला पत्रा कापून तितक्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे ही योग्य पद्धत होय. गंजावर लांबी भरून रंग दिल्यास गाडी काही काळ चांगली दिसते, परंतु आतील गंज वाढतच राहतो.

पुढच्या टप्प्यात ब्रेक, स्टिअरिंग व पेट्रोलची यंत्रणा हाती घेतली जाते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या कापडाने पुसावी लागते. त्यानंतर इंजिनाचे काम येते. सिलिंडरची झीज मोजल्यावर केवळ नव्या रिंग पुरेशा आहेत की बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवायचे, हे ठरते. आधी पिस्टन हाती घेऊन त्यांच्या मापानुसार बोअरिंग करणे इष्ट असते. अन्यथा सिलिंडर मोठे झाल्यावर त्या मापाचे पिस्टनच मिळत नाहीत, अशी अडचण उद्भवते. रंगकाम व आसने सर्वांत शेवटी केली जातात.

मौलिकता आणि बदल

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिव्हाची, स्थापना १९६६ साली झाली. या संस्थेच्या व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षे जुने, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जतन केलेले आणि रोजच्या प्रवासासाठी न वापरले जाणारे असावे. संस्थेच्या 'ट्युरिन सनदे'त जतन, दुरुस्ती व पुनरुज्जीवन यांत भेद केला आहे. शक्य तितका मूळ भाग राखावा, केलेला बदल ओळखू यावा आणि तो पुढे काढता यावा, असा तिचा आशय आहे.

पद्मिनीच्या बाबतीत हे तत्त्व लागू करताना काही ठिकाणी तडजोड करावी लागते. मूळ जाडीचे टायर न मिळाल्यास जवळच्या मापाचे रेडियल टायर बसवले जातात. जुन्या डायनॅमोऐवजी अल्टरनेटर लावल्यास बॅटरी चांगली चार्ज होते, आणि मूळ डायनॅमो जपून ठेवल्यास तो बदल मागे घेता येतो. आसनपट्टे लावणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य असते. मात्र ते पातळ पत्र्याला न बांधता मजबूत आधार देऊन बांधावे लागतात. याउलट वेगळ्या कंपनीचे इंजिन बसवण्यासाठी सांगाडा कापला, तर गाडी पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य होते.

इंधन हा बदलाचा आणखी एक विषय आहे. भारतात २०२३पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर फुगते किंवा ठिसूळ होते. इथेनॉल पाणीही शोषून घेते, त्यामुळे दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरण्याचा धोका वाढतो. म्हणून पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सहन करणाऱ्या द्रव्याचा घेणे आवश्यक ठरते. बाहेरून न दिसणारा हा बदल गाडीच्या मौलिकतेला बाधा आणत नाही.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी करून ती दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. काटोल तालुका नागपूर ग्रामीण परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतो. त्याचा संकेतांक एमएच-४० आहे. गाडीवरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकातील क्रमांकांशी जुळणे अत्यावश्यक असते. अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये निर्मात्याच्या मूळ वैशिष्ट्यांपासून दूर जाणाऱ्या बदलांवर निर्बंध आहेत. इंजिन बदलल्यास त्याची नोंद करून घ्यावी लागते. त्यामुळे भंगारातून इंजिन किंवा संपूर्ण गाडी घेताना पावती व मूळ कागदपत्रे घेणे महत्त्वाचे ठरते. कलम ५५ अन्वये मोडीत काढलेल्या गाडीची नोंदणी रद्द केली जाते. कागदपत्रे नसलेली गाडी कितीही उत्तम दुरुस्त झाली, तरी रस्त्यावर आणता येत नाही. या कारणाने पुनरुज्जीवनाचा खर्च सुरू करण्यापूर्वी कागदपत्रांची पडताळणी करणे हिताचे असते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप राखलेल्या वाहनांसाठी 'विंटेज' नोंदणीचे नियम केले. अशा वाहनांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध असते. असे वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल अशा मर्यादित कारणांसाठीच रस्त्यावर नेता येते. नियमित किंवा व्यावसायिक वापरास परवानगी नाही. १९७४ साली नोंदलेल्या पहिल्या पद्मिनी गाड्यांनी २०२४ मध्ये ही वयोमर्यादा ओलांडली. त्यामुळे अशा गाडीच्या मालकाला सर्वसाधारण नोंदणी चालू ठेवून गाडी नेहमीच्या वापरात ठेवणे आणि विंटेज नोंदणी घेऊन तिचा वापर मर्यादित करणे, यांतून निवड करावी लागते.

हे सुद्धा पाहा

* प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड
* वालचंद हिराचंद
* हिंदुस्थान अँबॅसडर
* काटोल