गिळलं, पण मारलं नाही : सीजीडीच्या शोधाची गोष्ट

रिपोर्ट नॉर्मल आहे आणि पेशंट मात्र आजारी आहे, असं झालं की कोणावर विश्वास ठेवायचा? आज ज्या आजाराबद्दल लिहितोय, त्याचा इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरतो.

1952 मध्ये ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरने एका आठ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. त्याला पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग व्हायचा, आणि त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रथिनांचा ज्यात अँटिबॉडी असतात तो भाग, सापडतच नव्हता. तो बाहेरून टोचल्यावर मूल सुधारलं. उत्तर इतकं स्वच्छ होतं की वारंवार आजारी पडणारं मूल आलं की आधी हाच आकडा बघणं साहजिक झालं.

पण दोनच वर्षांत, 1954 मध्ये, चार्ल्स जेनवे आणि सहकाऱ्यांनी अशी मुलं नोंदवली ज्यांचं गॅमा ग्लोब्युलिन कमी नव्हतं, उलट वाढलेलं होतं. 1957 मध्ये मिनेसोटातून बेरेंडेस, ब्रिजेस आणि रॉबर्ट गुड यांनीही असेच मुलगे वर्णिले. गळवं, सुजून पिकणाऱ्या गाठी, फुप्फुसात आणि यकृतात संसर्ग, आणि ऊतींमध्ये पेशींचे घट्ट पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा. अँटिबॉडी भरपूर, पांढऱ्या पेशीही भरपूर. मुलं तरीही दगावत होती. म्हणून आजाराच्या नावातच ‘फेटल’, म्हणजे प्राणघातक, हा शब्द होता.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. न्यूट्रोफिल पेशी जंतूंना गिळतात हे तेव्हा जुनं ज्ञान होतं. या मुलांच्या न्यूट्रोफिल जंतू गिळत होत्या का? हो, अगदी व्यवस्थित. म्हणजे पेशी ठीक, असं म्हणून तिथेच थांबता आलं असतं. ब्यूला होम्स, पॉल क्वी, डोरोथी विंडहॉर्स्ट आणि गुड यांनी एक पाऊल पुढे टाकलं: गिळल्यानंतर जंतू जिवंत किती उरतात ते मोजलं. 1966 च्या त्यांच्या पेपरने चित्र पालटलं. निरोगी पेशींमध्ये बहुतेक जंतू मरत होते, या मुलांच्या पेशींमध्ये मात्र ते आत मजेत राहत होते. आतापर्यंत एकच क्रिया समजली जाणारी गोष्ट खरं तर दोन क्रियांची होती, आणि बिघाड दुसऱ्या क्रियेत होता.

मग एक जुनं निरीक्षण कामी आलं. 1933 मध्ये बॉल्ड्रिज आणि जेरार्ड यांना दिसलं होतं की जंतू गिळताना पांढऱ्या पेशी जास्त ऑक्सिजन ओढतात. श्रम होतात म्हणून श्वास वाढला, असं कोणालाही वाटेल. पण 1959 मध्ये स्बारा आणि कार्नोव्स्की यांनी दाखवलं की ऑक्सिजन नसतानाही पेशी गिळू शकतात. मग हा जादा ऑक्सिजन जातो कुठे? 1967 मध्ये कळलं की सीजीडीच्या मुलांच्या पेशींमध्ये ही वाढ होतच नाही. पुढे 1973 मध्ये बॅबियर यांच्या गटाने त्या ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनतं हे दाखवलं. आजाराने निरोगी पेशीचं काम समजावून सांगितलं, असं म्हटलं तरी चालेल.

आनुवंशिकतेचा पुरावाही याच काळात मिळाला. एनबीटी नावाचा पिवळसर रंग काम करणाऱ्या पेशीत गडद निळा होतो. बेनर आणि नेथन यांनी तो या आजारासाठी वापरला. मुलाच्या पेशी निळ्या होत नाहीत. आईच्या पेशींत मात्र मिसळ दिसते, काही निळ्या, काही कोऱ्या, कारण स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र चालू असतं. अर्थात मुलींनाही हा आजार होतो. तेव्हा दोष दुसऱ्या गुणसूत्रांवरचा असतो आणि तो आई-वडील दोघांकडून येतो.

1986 मध्ये एक्सवरचं जनुक सापडलं, तेही उलट्या वाटेने. प्रथिन हातात नसताना, फक्त गुणसूत्रावरच्या जागेवरून जनुक गाठलं गेलं. माणसाच्या आजाराचं जनुक असं शोधण्याचं हे पहिल्या उदाहरणांपैकी एक.

एक सावधगिरी. पुस्तकांत अजून वाचाल की कॅटलेझ बनवणारे जंतूच या मुलांना त्रास देतात, कारण ते स्वतःचं हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करतात आणि पेशीला ते उसनं मिळत नाही. फार देखणं स्पष्टीकरण आहे. पण कॅटलेझ काढून टाकलेली बुरशी आणि स्टॅफिलोकोकस सीजीडीच्या उंदरांना दिले, तर ते तितकेच घातक ठरले. परीक्षेत लिहा, पण प्रयोग आखताना त्यावर विसंबू नका.

‘फेटल’ हा शब्द नावातून गेला. रोजचं को-ट्रायमॉक्साझोल, बुरशीविरोधी औषध आणि काहींसाठी बोन मॅरो प्रत्यारोपण यांमुळे मुलं मोठी होऊ लागली. फक्त निदान वेळेत व्हायला हवं. आपल्याकडे बाळाला जन्मतःच डाव्या दंडावर बीसीजी टोचतात, त्यामुळे कधीकधी पहिली खूण असते ती डाव्या काखेत फुगून पिकलेली गाठ. आता एनबीटीच्या जागी बहुधा डीएचआर चाचणी होते. मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत ती केली जाते. थोडंसं रक्त लागतं, आणि शक्य असेल तर आईचंही घेतात: तिच्या आलेखात एकाऐवजी दोन उंचवटे दिसले, तर दोष कुठल्या गुणसूत्रावर आहे याचा अंदाज तिथेच येतो.