निलंग्याचे मीठ आणि निजामाची तिजोरी

वाळीत टाकणे म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. न्हावी डोईला हात लावीत नाही, वाणी सौदा देत नाही, विहिरीवर पोहरा टाकू देत नाहीत. गावकीने एखाद्या घराचे हे सारे बंद केले की भलाभला टेकीस येतो. पुष्कळदा तो टेकीस आलेला माणूस गरीब आणि निरपराधच असतो, म्हणून महाराष्ट्र राज्याने २०१६ साली कायदा करून ही चाल गुन्हा ठरविली. परंतु राष्ट्राराष्ट्रांत ती अजून चालू आहे. एखादे जुलमी सरकार कोणाचे ऐकेनासे झाले म्हणजे इतर देश त्याच्याशी व्यापार तोडतात, त्याचा परदेशातला पैसा गोठवतात, त्याच्या अधिकाऱ्यांना आपल्या देशात पाऊल टाकू देत नाहीत. वर्तमानपत्रांत याला निर्बंध म्हणतात. वाचताना वाटते, हे कुठल्या तरी दूरच्या मुलखातले असावे. पण हा प्रयोग आपल्या अंगावर होऊन गेलेला आहे. १९४८ साली निलंगा, लातूर, नांदेड हा सगळा भाग अशा निर्बंधांच्या आत होता.

त्या वेळचा नकाशा आधी डोळ्यांपुढे आणू या. निलंगा तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. पुढे १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात. निजामाचे राज्य ब्याऐंशी हजार चौरस मैलांचे, वस्ती दीड कोटीच्या वर. पण समुद्र नाही. चहूकडून हिंदुस्थानचा मुलूख. आपले लोक निजामाच्या राज्याला मोगलाई म्हणत. मोगलाईचे टपाल वेगळे, आगगाडी वेगळी, नाणेसुद्धा वेगळे. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. सहा कलदार रुपये घ्यायचे तर सात हाली मोजावे लागत. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत आणि आत-बाहेर जाणाऱ्या मालावर जकात पडे. लातूरची पेठ बार्शीला नॅरोगेजच्या चिमुकल्या गाडीने जोडलेली होती. ती गाडी मोगलाईतून निघे आणि इंग्रजी मुलखात शिरे. म्हणजे निलंग्याच्या वाण्याचे मीठ, घासलेट, कापड, औषधे या साऱ्यांची वाट कुठे ना कुठे दुसऱ्याच्या नाक्यावरून होती. ज्या राज्याला मीठ पिकविता येत नाही त्याने शेजाऱ्याशी वैर धरताना किती विचार करावा! पण विचार करणारे मागे पडले होते.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. निजाम मीर उस्मान अली खान यांना मात्र आपले राज्य स्वतंत्र ठेवायचे होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने त्याआधीच, ७ ऑगस्टपासून, हिंदी संघराज्यात सामील व्हा म्हणून सत्याग्रह आरंभिला होता. पुढे या लढ्याच्या छावण्या सरहद्दीपलीकडे उभ्या राहिल्या आणि करोडगिरीचे नाके कार्यकर्त्यांचे पहिले लक्ष्य झाले. अखेर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात एका वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला. त्याच सुमारास पंतप्रधानकी मीर लायक अलींकडे आली. हे गृहस्थ शिक्षणाने अभियंते आणि धंद्याने कारखानदार. रझाकारांचे पुढारी कासीम रझवी तर आपल्या लातूरचेच वकील. गादीवर निजाम होते, पण लगाम हळूहळू या मंडळींच्या हाती गेला.

कराराची शाई वाळते न वाळते तोच हैदराबाद सरकारने तीन गोष्टी केल्या. मौल्यवान धातू हिंदुस्थानात नेण्यास बंदी केली. कलदार रुपया राज्यात कायदेशीर चलन नाही असे जाहीर केले. आणि पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले, तेही हिंद सरकारच्याच रोख्यांत. शेजाऱ्याने आपल्याला दिलेली हुंडी घेऊन ती त्याच्याशी भांडणाऱ्याच्या हाती ठेवावी, तसला हा प्रकार. म्हणजे ध्यानात घ्या, पैशाचे हत्यार आधी हैदराबादने उपसले, मग दिल्लीने.

दिल्लीचे हत्यार ते ही कोंडी. शस्त्रे बंद, दारूगोळा बंद, पेट्रोल बंद. याच्या पलीकडे काय काय बंद होते, याबद्दल दोन्ही सरकारांचे एकमत कधी झाले नाही. हैदराबादचे म्हणणे असे की मीठ, औषधे, पिण्याचे पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनसुद्धा अडविले जाते. दिल्लीचे म्हणणे असे की आम्ही युद्धोपयोगी सामानच अडवितो, इतर गोष्टींना आमची मनाई नाही. मला वाटते, दोघेही आपापल्या कागदांपुरते खरे बोलत असावेत. हुकूम दिल्लीत एक निघतो आणि नाक्यावर उभा असलेला शिपाई त्याचा अर्थ दुसरा लावतो. वरच्याने ‘पेट्रोल थांबवा’ म्हटले की खालचा घासलेटाचा डबाही थांबवितो. ठपका येऊ नये हे त्याला अधिक महत्त्वाचे वाटते. शिवाय सरहद्दीवर रझाकारांच्या चकमकी चालू होत्या, तेव्हा पलीकडचे अधिकारी मोगलाईच्या गाड्यांकडे मवाळ नजरेने पाहतील ही अपेक्षाच चुकीची होती.

टंचाईचा एक स्वभाव आहे. ती राजवाड्यापासून सुरू होत नाही. ज्याच्या घरी वर्षाचा साठा आहे त्याला ती शेवटी भेटते, आणि जो आठवड्याच्या बाजाराला पायलीभर धान्य विकून मीठ-मिरची घेतो त्याला पहिली. त्यातच धान्याची सक्तीची लेव्ही चालू होती. गावात रझाकार आले तर त्यांचा जाच, आणि बाहेरून माल येईना हा दुसरा. जगातले एक मोठे श्रीमंत म्हणून ज्यांचे चित्र अमेरिकेतल्या साप्ताहिकाने १९३७ साली मुखपृष्ठावर छापले, त्या निजामांच्या ताटातले मीठ या कोंडीने कमी झाले असेल असे काही म्हणवत नाही.

बरे, या कोंडीने हत्यारे तरी थांबली काय? पुरती नाही. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक होता. त्याने लँकास्ट्रियन जातीची मोठी विमाने मिळविली आणि कराचीहून रात्रीच्या वेळी हत्यारे भरभरून हैदराबाद राज्यात उतरविली. विमाने जिथे उतरत त्यातले एक ठिकाण वरंगळ आणि दुसरे आपले बीदर, म्हणजे तेव्हाच्या निलंगेकरांचे जिल्ह्याचे गाव! जमिनीवरून घासलेटाचा डबा येण्याची पंचाईत, आणि डोक्यावरून बंदुका येत होत्या. कॉटनवर पुढे इंग्लंडात खटला होऊन त्याला दंड झाला. अशा बंदीत पैसेवाल्याला वाट सापडते ती ही अशी.

समुद्र असता तर हैदराबादने आणखी तग धरला असता. ही गोष्ट निजामाचे सल्लागार जाणून होते, म्हणूनच गोव्यातले मुरगाव बंदर हाती यावे अशी खटपट त्यांनी करून पाहिली होती. ती साधली नाही. समुद्राने काय फरक पडतो ते पुढे खुद्द गोव्यातच दिसले. १९५५ साली भारताने पोर्तुगीज गोव्याशी व्यवहार तोडला, आगगाडी थांबविली. पण गोव्याला तांदूळ पाकिस्तानातून येऊ लागला, चहा सिलोनहून, बटाटे हॉलंडातून. आणि लोखंडाची माती बोटीने बाहेर जाऊन पैसा येत राहिला. हाल झाले ते इकडे-तिकडे विभागलेल्या घरांचे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार तसूभर हलला नाही. १९६१ च्या डिसेंबरात सैन्य गेले तेव्हाच गोवा मुक्त झाला. इटलीचीही तीच कथा. १९३५ साली मुसोलिनीने हबसाणावर, म्हणजे इथिओपियावर, स्वारी केली. राष्ट्रसंघाने इटलीशी व्यापार तोडला, पण तेल वगळले आणि सुवेझचा कालवा उघडा ठेवला. रणगाडे तेलावर चालतात, हे त्या शहाण्यांना माहीत नव्हते असे नव्हे. उलट बाजूचेही एक उदाहरण सांगितले पाहिजे, आणि ते आपल्याच देशाचे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी सरकारशी हिंदुस्थानने १९४६ सालीच, स्वतः स्वतंत्र होण्याआधी, व्यापार तोडला. जगाने त्या वाटेवर यायला फार वर्षे घेतली. संयुक्त राष्ट्रांची सक्तीची शस्त्रबंदी १९७७ साली आली.

आपल्या कथेकडे वळू. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे हिंदुस्थानविरुद्ध फिर्याद नेली. तिची पहिली सुनावणी १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये झाली. पण १३ सप्टेंबरलाच भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गावर आणि इतर बाजूंनी आत शिरले होते. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली आणि काही दिवसांत फिर्यादही मागे घेतली. आपल्या शाळांतून दर वर्षी त्या तारखेला झेंडावंदन होते. तेव्हा निकाल कोंडीने लावला की फौजेने, असे कोणी विद्यार्थ्याने विचारले तर गुरुजनांनी फौजेने असेच सांगावे. कोंडीने पेट्रोल आटविले, एवढे तिचे श्रेय.

यानंतरची गोष्ट झेंडावंदनाच्या भाषणात सहसा येत नाही, पण ती सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. फौज आल्यावर आपल्या भागात रझाकारांच्या जुलमाचा सूड गावोगावच्या साध्या मुसलमानांवर उगविला गेला. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे मंडळ पाहणीस आले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक अनर्थ झाला, असे त्यांनी नोंदविले. सगळ्या राज्यात मिळून मृतांचा त्यांचा अगदी सावध अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. हा अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्धच झाला नाही. विणकर, तांबोळी, कुळे अशा माणसांचा लायक अलींच्या मसलतींशी काय संबंध होता? खुद्द लायक अली १९५० च्या मार्चमध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोचले. कासीम रझवींनी मात्र १९५७ पर्यंत तुरुंग भोगला आणि मग तेही तिकडेच गेले.

अलीकडे निर्बंध घालताना सबंध देशाऐवजी अमुक मंत्री, अमुक सेनापती, अमुक कंपनी अशी नावे घालून त्यांचाच पैसा गोठवतात. १९९० नंतर इराकवरच्या सरसकट बंदीत तिथल्या लेकराबाळांचे जे हाल झाले ते पाहून ही पद्धत वाढली. गंमत अशी की याचाही एक नमुना आपल्या कथेत आहे, आणि तो कोणी ठरवून केलेला नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादचे मंत्री मोईन नवाज जंग यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतले राज्याचे पैसे पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या खात्यावर फिरविले. रक्कम दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड आणि नऊ शिलिंग. काही दिवसांतच निजामांनी बँकेला कळविले, हे माझ्या परवानगीवाचून झाले, पैसे परत द्या. बँक म्हणाली, दोघांचे एकमत आणा. ते कुठून यायचे! निजामांनी दावा लावला. १९५७ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की पाकिस्तान हे सार्वभौम राष्ट्र, त्याच्यावर हा दावा चालविता येत नाही. पैसा तसाच पडून राहिला. निजाम १९६७ साली वारले.

शेवटी २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला की पैसे निजामाच्या वारसांचे आणि भारताचे, पाकिस्तानचे नव्हेत. वारसांनी आणि भारत सरकारने तोवर आपसात तडजोड केलेली होती. एकाहत्तर वर्षांत त्या दहा लाखांचे व्याजासह सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते.