मुसीचा पूर आणि फुटलेले तलाव

उर्दूच्या तासाला अमजद हैदराबादी यांच्या रुबाया शिकवायला घेतल्या की मी मुलांना आधी एक तारीख सांगतो, २८ सप्टेंबर १९०८. रमजान नुकताच सुरू झाला होता. त्या दिवशी हैदराबादेत मुसी नदीला पूर आला. अमजद यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यात गेल्या, ते एकटे वाचले. शहरात सुमारे पंधरा हजार माणसं दगावली असं मानतात. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडशे जण वाचले, असंही सांगतात.

मग एखादा विचारतोच, "सर, एवढं पाणी आलं कुठून?"

पाऊस प्रचंड होता. पण निजामांनी बोलावलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०९ मध्ये पाहणी केली, तेव्हा दुसरंही कारण पुढे आलं. शहराच्या वरच्या खोऱ्यात जुने, मातीच्या बांधांचे शेकडो तलाव होते. त्यातले दोनशेहून जास्त फुटले होते. वरचा फुटला की त्याचं पाणी खालच्यावर, तिथून पुढच्यावर. शेतीसाठी साठवलेलं पाणीच शहरावर चालून आलं.

विश्वेश्वरय्यांनी पूर वरच अडवून बेताने सोडायला दोन मोठी धरणं सुचवली. मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये, ईसीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झालं. या कामांशी नवाब अली नवाज जंग यांचं नाव जोडलेलं आहे. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात, तरी हे नाव आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांनाही ठाऊक नसतं. याची मला खंत वाटते.

पुढे हीच धरणं शहराला पाणीही पाजू लागली. इथे खरी ओढाताण आहे. पूर अडवायचा तर धरणात जागा रिकामी हवी, आणि उन्हाळ्याची तहान भागवायची तर ते भरलेलं हवं. दरवाजे कधी आणि किती उघडायचे, हे त्यामुळे दर पावसाळ्यात नव्याने ठरवावं लागतं.

आणि लहान तलाव? ऑक्टोबर २०२० च्या पावसात हैदराबादच्या जुन्या शहराकडच्या गुर्रम चेरूवूचा बांध फुटला (तेलुगूत चेरूवू म्हणजे तलाव) आणि हाफिज बाबा नगरच्या घरांत पाणी शिरलं. मोठी दोन्ही धरणं जागेवर शाबूत होती.

या वेळी मुलांना गृहपाठ दिलाय. गावतळ्यावर जायचं, पाळीवर झाडं उगवलीत का आणि सांडवा मोकळा आहे का ते पाहून यायचं. उर्दूत लिहिलं तरी चालेल, मराठीत लिहिलं तरी चालेल.