नाट्यगृहं कुठे उगवतात?

मुंबईचं नाटक मोठं की पुण्याचं, हा वाद ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कधीच संपत नाही. आज त्यात पडायचं नाही. प्रश्न साधा आहे. या शहरांत नाट्यगृहं नेमकी कुठे आहेत, आणि तिथेच का आहेत?

आधी मुंबई. नकाशा काढा आणि दक्षिणेकडून वर सरका. १८४६ साली ग्रँट रोडला जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने नाट्यगृह उभं राहिलं. १८५३ मध्ये सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी तिथे प्रयोग केले. १९२२ मध्ये परळला, गिरणगावात, सोशल सर्व्हिस लीगचा दामोदर हॉल आला. १९६५ मध्ये दादरचं शिवाजी मंदिर. मग पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, १९७८ मध्ये ठाण्याचं गडकरी रंगायतन, पुढे डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले आणि कल्याणचं अत्रे रंगमंदिर. सलग वाचलंत तर लोकलच्या स्टेशनांची यादी वाटेल! गिरगाव-दादरला जागा परवडेना तसा मराठी मध्यमवर्ग उपनगरांत गेला आणि नाट्यगृह त्याच्या मागोमाग गेलं. माणसं आधी, नाट्यगृह नंतर.

पुण्याचं चित्र वेगळं. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर (ती संस्था १८९४ पासूनची), टिळक रोडचं टिळक स्मारक मंदिर आणि जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर, ही तिन्ही दोन-अडीच किलोमीटरच्या टप्प्यात. 'बालगंधर्व'ची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. १९६८ मध्ये रंगमंदिर खुलं झालं तेव्हा मात्र ते हयात नव्हते. त्या काळी पुणं सायकलवर मावत होतं, त्यामुळे सगळं एका ठिकाणी असण्यात कुणाचीच अडचण नव्हती. पेठांतली कुटुंबं कोथरूडला गेल्यावर तिथे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह झालं. म्हणजे मुंबईचाच नियम, फक्त उशिरा आणि कमी अंतरावर.

पण नुसती माणसं गेली म्हणून नाट्यगृह होत नाही. बांधणारा लागतो. जुन्या काळी तो शेटजी असे किंवा एखादी संस्था. साठच्या दशकापासून हे काम बरंचसं महापालिकांकडे आलं. बालगंधर्व पुणे महापालिकेचं, दीनानाथ मुंबई महापालिकेचं, गडकरी ठाण्याच्या पालिकेचं. पिंपरी-चिंचवड तर कारखान्यांच्या जकातीवर श्रीमंत झालेली महापालिका. तिने चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह बांधलं, भोसरीला अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवला निळू फुले रंगमंदिर. नाटकाचं माहेर म्हणून पिंपरीचं नाव कुणी घेत नसे, तरी तिथे नाट्यगृहं झाली. पालिकेकडे पैसा होता, आणि नगरसेवकाला वॉर्डात दाखवायला काहीतरी हवं असतं.

आता आपल्याकडे, म्हणजे हिंजवडीकडे वळू. हे आयटी पार्क एमआयडीसीने ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभं केलं. एमआयडीसीने प्लॉट पाडले, रस्ते केले, पाणी आणलं. तिचं काम तेवढंच. नाट्यगृह मागायला ना महापालिका, ना नगरसेवक. वाकडला राहणाऱ्याला पिंपळे गुरव जवळ पडतं हे खरं, पण तेही झालं ते पालिकेच्या हद्दीत. बालगंधर्व वीसेक किलोमीटर लांब, त्यामुळे कामाच्या दिवशी नाटक हा विषयच संपतो.

'मॉल बांधतात, मल्टिप्लेक्स बांधतात, मग नाट्यगृह का नाही?' असं आपण तावातावाने विचारतो. मॉलला गिऱ्हाईक पुरतं, पालिकेच्या नाट्यगृहाला मतदार लागतो. गिरणी कामगार परळला राहिला, तिथलाच झाला. डोंबिवलीकर चोवीस तासांतले चार तास लोकलमध्ये घालवूनही डोंबिवलीकरच असतो. आपल्यापैकी कितीजण दहा-दहा वर्षं इथे भाड्याने राहतात, आणि मतदार यादीतलं नाव मात्र अजून लातूरला, जळगावला, नाहीतर नागपूरला!

हा टोमणा नाही, हिशोब आहे. २०१८ पासून बालगंधर्वच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली, तेव्हा बोलायला कलाकार होते, प्रेक्षक होते, त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं होती. आपल्या भागासाठी तसं बोलायचं तर आधी आपण इथले आहोत हे कागदावर दिसायला हवं. मतदार नोंदणीचा तो अर्ज भरायला शनिवारची एक सकाळ पुरते.