कागद वाचणाऱ्याचा पगार

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. सवडीने वाचा.

आजोबा गेले त्या वर्षी मी बारावीला होतो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची लाकडी पेटी खाली काढली. आत फडक्यात बांधलेले कागद. सगळे मोडीत. आजोबांना वाचता यायचं, त्यांच्यानंतर घरात कुणालाच नाही. वडील म्हणाले, "कसर लागलीय, देऊन टाक." सायकलच्या कॅरियरला बांधून मीच ते रद्दीवाल्याकडे नेले. किती पैसे आले ते आठवत नाही. त्यातून भेळ खाल्ली, एवढं आठवतंय.

नोव्हेंबर २०२३ मध्ये चुलतभावाचा फोन आला. "दादा, आजोबांच्या पेटीतले कागद कुठायत रे?"

मी म्हणलं, बघतो.

तेव्हाचे दिवस सगळ्यांना आठवत असतील. अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर सप्टेंबरमध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. कुणबी नोंदी शोधायचं काम आधी मराठवाड्यापुरतं होतं, मग राज्यभर झालं. तहसील, भूमी अभिलेख, नगरपालिका, शाळा, जिथे जिथे जुने दस्त होते तिथली कपाटं उघडली. आरक्षणाबद्दल माझं मत या पोस्टचा विषय नाही, तो वाद कॉमेंटमध्येही नको. मला सांगायचंय ते त्या कपाटांसमोर बसलेल्या माणसांबद्दल.

बातमीसाठी मी तेव्हा एका कार्यालयात गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही. अभिलेख कक्षात ट्यूबलाइटखाली एक मुलगी बसली होती. वय तिशीच्या आसपास. इतिहासात एमए, नेट पास, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. मोडीचं प्रशिक्षण घेतलेलं. समोर जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात. तोंडाला रुमाल बांधून एकेका ओळीवर बोट फिरवत होती.

मोडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी पानभर रेघ मारायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. त्यात प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं, आणि निम्मे शब्द आखूड करून लिहिलेले. अशा पानावर एक शब्द 'कुणबी' आहे की दुसराच काही, हे ठरवायचं. त्यावर कुणाच्या तरी मुलाचा प्रवेश अवलंबून.

ती म्हणाली, "सर, मोडी शिकून सहा वर्षं झाली. पहिल्यांदाच कुणीतरी गाडी पाठवून बोलावलं."

राज्यभरात पन्नास लाखांहून जास्त नोंदी सापडल्याचं पुढे सरकारनेच सांगितलं. तिला तिचा मोबदला मिळायला बरेच महिने लागले. त्यानंतर गाडी काही आली नाही.

मी इतिहासकार नाही. वृत्तविद्येची पदविका आणि वीसेक वर्षांची बातमीदारी, एवढंच भांडवल. पण तिच्यामुळे एक प्रश्न डोक्यात बसला. आपल्याकडे जुना कागद वाचणाऱ्याला आजवर पगार कोण देत आलं? मग वाचत गेलो. जे सापडलं ते मांडतो.

सुरुवात पेशवे दप्तरापासून. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. हजारो रुमाल. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. इंग्रजांनी ते नीट सांभाळलं, पुण्यात त्यासाठी पुढे दगडी इमारत बांधली. इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. कुणाला कुठली जमीन इनाम आहे आणि कुणाचा दावा खोटा, हे ठरवायला त्यांना हे कागद लागत होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. कागद दाखवा, नाहीतर इनाम सोडा, असा तो कारभार. त्यासाठी मोडी वाचणारे कारकून पगारावर होते. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र त्या दप्तराचं दार कित्येक वर्षं बंदच होतं.

म्हणजे सरकार दप्तर वाचतं ते दाव्यापुरतं. ही रीत तेव्हापासूनची आहे.

मग बाकीचा इतिहास कुणी वाचला? ज्यांचं पोट दुसरीकडून भरत होतं त्यांनी. किंवा ज्यांनी पोटाचा विचारच सोडला त्यांनी.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवायचे. शाळा सांभाळून पटवर्धन सरदारांचे कागद वाचले आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड काढत राहिले. उत्तर पेशवाईवर लिहिणाऱ्याला आजही त्या खंडांशिवाय पुढे जाता येत नाही. मागे कुठली फेलोशिप नव्हती. शाळामास्तराचा पगार होता.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची तर गोष्टच वेगळी. थोडे दिवस मास्तरकी केली, मग सोडली. पत्नी लवकर गेली, दुसरं लग्न केलं नाही. गावोगाव फिरून लोकांच्या वाड्यांतून, माळ्यांवरून कागद गोळा केले. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला, पानिपतापर्यंतच्या पत्रांचा. असे २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकाराने. १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात गेले. मागे राहिली ती कागदांची बोचकी. ती जपायला धुळेकरांनी संस्था काढली, ती आजही आहे.

राजवाड्यांचं नाव घेताना आपला ऊर भरून येतो. मला मात्र हल्ली वाटतं, त्यांच्या त्यागाचा आपल्याला फार सोयीचा उपयोग झाला. इतिहासाचं काम म्हणजे फकिरी, ते फुकटच करायचं असतं, अशी समजूत बसली. आजच्या मुलीने मोबदला विचारला की लोक तिला राजवाड्यांचं उदाहरण देतात. अहो, राजवाडे शंभर वर्षांत एक होतो. नोंदी पन्नास लाख आहेत.

आता गोविंद सखाराम सरदेसाई. रियासतकार. १८८९ पासून बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत. नोकरी करता करताच रियासतीचे खंड लिहिले. निवृत्तीनंतर कामशेतला राहायला आले. तेव्हा कुठे मुंबई सरकारने पेशवे दप्तर अभ्यासायची योजना आखली आणि ती सरदेसायांकडे सोपवली. सर जदुनाथ सरकार यांनी तो आग्रह धरला होता. वयाच्या पासष्टीत हा माणूस हाताखाली मोडी जाणणारे मदतनीस घेऊन बसला. १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून झाले.

हे उदाहरण मी मुद्दाम देतोय. पद्धतशीर योजना, सरकारी पाठबळ आणि मदतनिसांची फळी मिळाली की काय होतं ते इथे दिसतं. चार-पाच वर्षांत ४५ खंड. एकटा राजवाडे जन्मभर राबून २२ वर पोचला. फरक बुद्धीचा नव्हता, व्यवस्थेचा होता. आणि हेही खरं, की त्या ४५ खंडांवर नाव सरदेसायांचं राहिलं, मदतनीस कोण होते ते अभ्यासकांशिवाय कुणाला माहीत नाही.

आपल्या मराठवाड्यापुरतं बोलायचं तर सेतुमाधवराव पगडी. निलंग्याचे. हैदराबाद संस्थानात अधिकारी होते, पुढे महाराष्ट्र सरकारात. फारसी, उर्दू पक्की. नोकरी सांभाळून मोगल-मराठा इतिहासाची फारसी साधनं मराठीत आणली. म्हणजे तेही पोट प्रशासनात आणि जीव कागदात. २०२३ मध्ये निजामकाळातले उर्दू दस्त वाचायला माणसं शोधताना नाकी नऊ आले, तेव्हा पगडींची आठवण किती जणांना झाली माहीत नाही.

स्वातंत्र्यानंतर मोडी कारभारातून गेली, शाळेतून गेली. नातवाला आजोबांचं पत्र वाचता येईना. माझ्या सायकलच्या कॅरियरवर जे बांधलं होतं ते असं.

आता तुम्ही म्हणाल, एआय आलाय, यंत्र वाचेल की! बरोबर आहे. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. २०२५ च्या जुलैमध्ये आयआयटी रुडकीने मोडीचं देवनागरी करणारी एआय प्रणाली जाहीर केली, त्यात पुण्याच्या सीओईपीचे विद्यार्थीही होते. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहीम आली, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांची नोंद आणि जतन करायचं म्हणून. चांगल्याच गोष्टी आहेत.

पण यंत्र मोडी शिकलं कुणाकडून? शिवकाळ, पेशवेकाळ आणि इंग्रजी अंमलातली दोन हजारांवर पानं त्याला दाखवली. शेजारी जाणकारांनी तपासलेलं देवनागरी. म्हणजे आधी माणसाने वाचलं, मग यंत्राने. आपल्या तालुक्यातल्या कोतवालाचं वळण त्या दोन हजारांत नसेल, तर यंत्रही आपल्या कार्यालयातल्या शिपायासारखं बघत राहणार. त्याला शिकवायला परत तीच मुलगी लागणार.

संगणकावर जुनी भाषा, साहित्य, इतिहास वाचायच्या या विद्येला जगात 'डिजिटल ह्युमॅनिटीज' म्हणतात. तिची सुरुवात बहुतेक जण इटलीच्या रॉबर्टो बुसा या ख्रिस्ती पाद्र्यापासून सांगतात. थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन धर्मपंडिताच्या सगळ्या लिखाणातल्या एकूण एक शब्दाची सूची करायची होती. १९४९ मध्ये ते आयबीएम कंपनीकडे गेले आणि कंपनीची मदत मिळवली. काम तीसेक वर्षं चाललं. त्यासाठी लाखो कार्डांना भोकं पाडायची होती, ती पाडली गॅलाराते या गावच्या केंद्रातल्या तरुण मुलींनी. कित्येक वर्षं त्या मुली फोटोत होत्या आणि नावं कुठेच नव्हती. हल्ली हल्ली संशोधकांनी त्यांना हुडकून काढलं. वाचताना मला आमच्या अभिलेख कक्षातली ट्यूबलाइट दिसली.

शिवाय नुसतं स्कॅन केलं म्हणजे जपलं असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपण इथे नोंदी शोधत होतो तेव्हाच, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. जगातल्या मोठ्या ग्रंथालयांपैकी एक, पण ऑनलाइन सूची कित्येक आठवडे बंद. कागद लागतो, सूची लागते आणि दोन्ही ओळखणारा माणूस लागतो.

तो माणूस तयार करायची आपली सोय काय? जेआरएफ मिळालं तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, तेही मोजक्यांना. राज्यातल्या संस्थांच्या फेलोशिपसाठी मुलं आझाद मैदानावर बसलेली आपण पाहिली. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, मुलं हौसेने शिकतात. शिकून पुढे काय? कॉलेजात बढतीला शोधनिबंध मोजतात. कुणी वर्षभर बसून शंभर रुमालांची सूची केली तर तिला किती गुण?

माझं म्हणणं साधं आहे. जिल्ह्याला किमान एक मोडी वाचक कायम पदावर असावा, मराठवाड्यात उर्दू-फारसी वाचकही. विद्यापीठांनी लिप्यंतर आणि सूची हे संशोधन मानून त्यावर फेलोशिप द्यावी. आणि यंत्राला शिकवायला ज्यांनी पानं वाचून दिली त्यांना पैसेही मिळावेत आणि नावही. कोतवाल बुकात नुसत्या जाती नाहीत. प्लेगमध्ये कुठल्या आळीत किती माणसं गेली, दुष्काळात कुठलं घर उठलं, तेही त्यातच आहे. त्यावर कुणाचा दावा नाही, म्हणून ते कुणी वाचत नाही.

लोकप्रतिनिधी ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी एवढंच सांगावं, २०२३ मध्ये आपल्या तालुक्यात बोलावलेले मोडी वाचक आज काय करतायत.

बाकीच्यांना विनंती. दिवाळीची साफसफाई येईल. माळ्यावर पेटी असेल तर रद्दीत घालू नका. कागदाला गोंद, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. कोरड्या जागी ठेवा, मोबाइलवर उजेडात फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा. त्याचा वेळ घेतलात तर पैसे विचारा. चहावर भागवू नका.

चुलतभावाला मी अजून खरं सांगितलेलं नाही. ही पोस्ट तो वाचेलच.