सर सय्यद, त्यांचा मुलगा आणि एक फोटोसंग्रह

लॉर्ड कॅनिंग आणि त्यांच्या पत्नीने हौसेने सुरू केलेला हिंदुस्तानी लोकांचा फोटोसंग्रह १८५७ नंतर सरकारी काम झाला. ज्यांच्यावर राज्य करायचे ते लोक कोण, हे इंग्रजांना आता जाणून घ्यायचे होते. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने त्याचे आठ खंड लंडनमध्ये निघाले. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे संपादक. साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आणि सोबत त्या-त्या जाती-जमातींची वर्णने.

१८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान मुलांसह लंडनला गेले, तेव्हा इंडिया ऑफिसमध्ये त्यांनी हे पुस्तक पाहिले. त्यातली माणसे त्यांना जनावरांसारखी रानटी दिसली. एका तरुण इंग्रजाने सय्यद महमूद यांना विचारले, तुम्ही हिंदुस्तानी का? ते शरमेने लाल झाले. हो म्हणाले, पण आपण मूळ रहिवाशांपैकी नाही, आपले पूर्वज परदेशातून आले, असा खुलासा त्यांनी घाईने केला. ही हकिकत सर सय्यद यांनीच पत्रात लिहिली आहे.

याच पुस्तकात अलाहाबादच्या एका सय्यदाचा फोटो आहे. चेहरा मध्य आशियाई घडणीचा, वंशाच्या शुद्धतेची साक्ष देणारा, असे वर्णनात म्हटले आहे. त्याच वाक्यात तो चेहरा हट्टीपणा, अज्ञान आणि धर्मांधता दाखवतो, असेही लिहिले आहे. परदेशी कुळाने त्या सय्यदाला वाचवले नाही.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. १८५७ पूर्वी लखनौत अहमद अली खान इंग्रज कुटुंबांचेच फोटो काढत होते. मुंबईत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी कॅमेरा हाताळत होते. माणसाला नमुना ठरवणारा मजकूर मात्र राज्यकर्त्यांच्या हाती होता.

आजही दाढी-टोपीचा किंवा बुरख्याचा फोटो छापून मजकूर दुसराच कोणी लिहितो, तेव्हा आपल्याला राग येतो. तो रास्तच आहे. पण आपल्यातही अरबस्तान-इराणचे शजरे मिरवणारे आहेत, आणि पिंजारी, बागवान, खाटीक यांना कमी लेखणारेही आहेत. महमूद यांची अडचण मी समजू शकतो. तरीही मला वाटते, उत्तर एवढेच हवे होते: हो, मी हिंदुस्तानी आहे, आणि या पुस्तकात भिल्लाबद्दल लिहिलेलेही तितकेच खोटे आहे.